शेवटच्या बाकावरून मोजायचं: आपलं प्रेझेंटेशन आपणच कसं तपासावं

फायनल इयरच्या प्रोजेक्ट प्रेझेंटेशनचा माझा व्हिडिओ मी अजून जपून ठेवलाय. अकरा मिनिटांचा आहे. मैत्रिणीनं शेवटच्या बाकावरून मोबाइलवर काढलेला. सगळीकडे पंख्याची घरघर, मधेच कुणाच्या तरी डोक्याआड मी गायब. त्या दिवशी हॉलबाहेर आले तेव्हा छान झालं अशी माझी खात्री होती. कुठे अडले नाही, पाठ केलेलं सगळं म्हणून झालं, एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, दोनच प्रश्न विचारले.

सुट्टीत घरी गेल्यावर तो व्हिडिओ बाबांना दाखवला. आमची मोसंबीची बाग जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, आणि माझा प्रोजेक्टही ठिबकचाच होता: ओळीतल्या पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत सारखं पाणी मिळतं का, ते मोजण्याचा. बाबांचं इंग्रजी बेताचं, पण ठिबकची नळी न् नळी त्यांच्या हाताखालून गेलेली. व्हिडिओ संपल्यावर ते म्हणाले, "मग शेवटच्या झाडाला कमी पडू राह्यलं का नाही? ते तर तू सांगितलंच नाही."

मी सांगितलं होतं. पुन्हा लावून बघितलं. दहाव्या मिनिटाला, पडद्याकडे तोंड करून, एका वाक्यात, आणि त्या वाक्याचा शेवट पंख्याच्या आवाजात विरलेला. सहा महिने उन्हात ठिबकखाली कप मांडून पाणी मोजून जे शोधलं, ते त्या हॉलमध्ये कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

आता मी मराठवाड्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. मुलं परतूरची, गंगाखेडची, औंढ्याची, केजची. बरीचशी मराठी माध्यमातून आलेली, कित्येक जण घरातले पहिले इंजिनिअर. प्रोजेक्टमध्ये दम असतो आणि प्रेझेंटेशनमध्ये तो कुठे जातो कळत नाही. दरवर्षी हे बघताना जीव तुटतो, कारण मार्क तर जातातच, पण पोरं समजून बसतात की आपल्यातच काहीतरी कमी आहे. आत्मविश्वास ठेवा, डोळ्यांत बघून बोला, असे सल्ले त्यांना भरपूर मिळतात. पण आपलं नेमकं कुठे गळतंय हे मोजल्याशिवाय त्यातला कुठला सल्ला आपल्या कामाचा, ते ठरवायचं कसं? म्हणून इथे मी फक्त मोजण्याबद्दल लिहिणार आहे.

आतून का कळत नाही

१९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं एक साधा प्रयोग केला. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या वेळा तरी गाणं ओळखू येईल. वाजवली १२० गाणी, ओळखली गेली ३. घरी करून बघा: गणपतीच्या आरतीची चाल टेबलावर वाजवा आणि बहिणीला ओळखायला सांगा. वाजवताना तुमच्या डोक्यात शब्द, चाल, झांजा, सगळं चालू असतं. बहिणीला नुसती टकटक ऐकू येते.

प्रेझेंटेशन देताना आपण तो वाजवणारा असतो. "फ्रिक्शन लॉस" म्हटलं की माझ्या डोक्यात अख्खी नळी उभी राहायची, तिच्यातून पाणी पुढे सरकताना घासत जातंय आणि दाब कमी कमी होतोय, असं दिसायचं. समोरच्या मेकॅनिकलच्या पोराला दोन शब्द ऐकू आले, बस्स. पण मला वाटलं, सांगून झालं.

भीतीच्या बाबतीत गडबड उलटीकडून होते. छाती धडधडते, तळवे ओले होतात, आणि वाटतं की हे सगळ्या हॉलला दिसतंय. प्रत्यक्षात समोरच्याला त्यातलं फार थोडं दिसतं. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे भाषण देणाऱ्यांवर तपासलं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी: ज्यांना बोलण्याआधी नुसतं एवढं समजावून सांगितलं की तुमची भीती तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही, त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली. म्हणून मी हे प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी सांगते.

तर आपल्याला वाटतं ज्ञान पोचलं, ते पोचलेलं नसतं. वाटतं भीती दिसली, ती दिसलेली नसते. दोन्ही अंदाज चुकतात. व्हिडिओ लागतो तो यासाठी.

रेकॉर्डिंग कसं करायचं

मोबाइल शेवटच्या बाकावर ठेवा. पुढच्या बाकावर मुळीच नको, तिथून सगळ्यांचंच चांगलं दिसतं. पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करा, पडदा आणि तुम्ही दोघं चौकटीत यायला हवेत. पंखे चालू असू द्या. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पंखे बंद करून कोणी प्रेझेंटेशन घेत नाही, मग सराव तरी शांत खोलीत कशाला?

त्याच दिवशी बघू नका. दोन दिवस जाऊ द्या, म्हणजे आपण काय बोलणार होतो ते थोडं विसरलेलं असतं आणि काय बोललो ते ऐकू येतं.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला की बहुतेकांना कसंसंच होतं. "मॅडम, माझा आवाज असा चिरका आहे?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. कारण साधं आहे. बोलताना आपला आवाज आपल्या कानाला दोन वाटांनी पोचतो: एक हवेतून, दुसरी कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणाऱ्या वाटेनं खर्जातला भाग जास्त येतो, म्हणून आपला आवाज आपल्याला भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतली वाट उरते. जगानं तुमचा तोच आवाज आजवर ऐकलाय आणि त्याला त्यात काही खटकलेलं नाही. आवाज बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

व्हिडिओ तीनदा बघायचा. एकदा स्क्रीन पालथी घालून नुसता ऐकायचा. एकदा आवाज बंद करून दुप्पट वेगानं बघायचा. वेग वाढवला की सारखी सारखी होणारी हालचाल चटकन डोळ्यांत भरते, ओढणी सावरणं, पेनाचं टोपण काढणं-लावणं, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलणं. तिसऱ्यांदा कागद, पेन आणि स्टॉपवॉच घेऊन बसायचं. खरं काम या तिसऱ्या वेळेला होतं.

घड्याळ काय सांगतं

प्रत्येक स्लाइडपुढे ती किती वेळ चालली ते लिहा. माझ्या अकरा मिनिटांचा हिशेब असा निघाला. नमस्कार, ग्रुपची ओळख आणि अनुक्रमणिका: १ मिनिट १० सेकंद. पाण्याचं महत्त्व, दुष्काळ आणि ठिबकचे फायदे: ३ मिनिटं ४० सेकंद. आधी इतरांनी केलेलं काम: अडीच मिनिटं. आम्ही मोजलं कसं: २ मिनिटं २० सेकंद. आम्हाला काय सापडलं: ५० सेकंद. निष्कर्ष आणि आभार: अर्धं मिनिट.

म्हणजे जे माझं स्वतःचं होतं, जे त्या हॉलमध्ये फक्त मलाच माहीत होतं, त्याला ५० सेकंद. आणि ठिबकनं पाण्याची बचत होते, हे जे मराठवाड्यातल्या कुठल्याही परीक्षकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, त्याला पावणेचार मिनिटं! हे असं का होतं याचा मी पुष्कळ विचार केला. सुरुवातीचा भाग पाठ असतो, त्यात कोणी प्रश्न विचारणार नसतं, म्हणून तिथे सुरक्षित वाटतं आणि आपण तिथेच रेंगाळतो. निकालाच्या स्लाइडवर आपण उघडे पडतो, म्हणून तिथून पळतो. मुलांच्या कागदांवर मी आजवर जे हिशेब बघितले त्यात हे बहुतेक वेळा असंच दिसलं.

गावात सप्ताहात कीर्तन ऐकलं असेल तर आठवून बघा. महाराज आधी अभंग घेतात. सगळं कीर्तन ज्याच्यावर उभं राहणार तो अभंग पहिल्या काही मिनिटांतच सगळ्यांच्या कानावर पडलेला असतो. मग एकेक चरण घेऊन अर्थ, दृष्टांत, पुन्हा चरण, आणि शेवटी परत तोच अभंग. मंडपाच्या कडेला लेकराला मांडीवर घेऊन बसलेली बाईसुद्धा घरी जाताना सांगू शकते की आज कुठला अभंग होता. प्रेझेंटेशन तपासताना तुमचा अभंग कितव्या मिनिटाला आला ते लिहा. माझा दहाव्या मिनिटाला आला होता, आणि तोही एकदाच.

वाक्याचा शेवट

हा मुद्दा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही, मुलांचे व्हिडिओ बघताना सापडला, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि नकार तर अगदीच शेवटी. "या पाण्यात क्षार जास्त असल्यामुळे नुसत्या फिल्टरनं ड्रिपर साफ राहत नाहीत." (ड्रिपर म्हणजे ठिबकच्या नळीवरची पाणी थेंबथेंब सोडणारी तोटी.) या वाक्याचा सगळा अर्थ शेवटच्या शब्दात आहे. तो ऐकू आला नाही तर समोरचा नेमका उलटा अर्थ घेऊन जाईल. आणि दम नेमका तिथेच संपतो. वाक्य लांब, श्वास तोकडा, डोळे आधीच पुढच्या स्लाइडवर गेलेले, मग "राहत ना..." एवढंच बाहेर येतं.

इंग्रजीत बोलतानाही ही खोड सुटत नाही, कारण तिथे बहुतेक वेळा आकडा शेवटी येतो. "द युनिफॉर्मिटी (पाण्याचा सारखेपणा) वॉज फाउंड टु बी" हे सगळं खणखणीत, आणि पुढचा आकडा पुटपुटलेला.

तपासायची पद्धत सोपी आहे. व्हिडिओतली दहा वाक्यं निवडा, प्रत्येकाचा शेवटचा शब्द शेवटच्या बाकावरून ऐकू आला का, तेवढंच बघा. दहापैकी आठांच्या खाली असाल तर दुसरं काही सुधारण्याआधी हे सुधारा. उपाय आवाज वाढवण्याचा नाही. वाक्य तोडा. "या पाण्यात क्षार जास्त आहेत. नुसता फिल्टर पुरत नाही." दोन छोटी वाक्यं, दोन्हींच्या शेवटापर्यंत श्वास पुरतो.

अडखळण्याची यादी

"ॲक्चुअली", "बेसिकली", "सो", "म्हणजे", "आपलं ते". हे मोजायला सगळ्यांना आवडतं, आणि आकडा बघून सगळे खचतात. मोजू नका असं मी म्हणणार नाही, पण नुसत्या एकूण आकड्याला अर्थ नाही. प्रत्येक "म्हणजे" कुठल्या स्लाइडवर आला ते टिपा. ते सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, दोन-तीन जागी त्यांचा गुंता झालेला असतो. त्या जागा उघडून बघितल्या की बहुतेक वेळा तिथे आपल्याला विषयच नीट कळलेला नसतो. माझ्या व्हिडिओत एक सूत्र समजावताना पाऊण मिनिटात नऊ वेळा "सो" आलं होतं. ते सूत्र मी पुस्तकातून उतरवलं होतं, ते तसंच का आहे हे मला माहीत नव्हतं. अशा जागी बोलण्याचा सराव करून उपयोग नाही. गाइडकडे जाऊन तो भाग पुन्हा समजून घ्यावा लागतो.

मथळा आणि खालची ओळ

१६ जानेवारी २००३ ला नासाचं कोलंबिया अवकाशयान उडालं तेव्हा बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअरांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एकीचा मथळा वाचला की वाटावं, फोमच्या धडकेच्या आधीच्या चाचण्यांचे आकडे सुरक्षित बाजूचेच आहेत. त्याच स्लाइडवर अगदी खाली, बारीक अक्षरांत, लिहिलेलं होतं की चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि पंखावर आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घनइंचांचा. ६४० पट! आपल्या भाषेत सांगायचं तर एक कटिंग चहा आणि तेलाचे पंधरा-पंधरा लिटरचे दोन डबे, एवढा फरक. म्हणजे त्या चाचण्यांवरून या धडकेबद्दल काहीच सांगता येत नव्हतं. पण ते मथळ्यात नव्हतं.

१ फेब्रुवारीला परतताना यान टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. यान फुटलं ते पंखाला पडलेल्या भोकामुळे, स्लाइडमुळे नव्हे. तरीही चौकशी मंडळानं ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात त्या एका स्लाइडचं एडवर्ड टफ्टी या अभ्यासकानं केलेलं विश्लेषण छापलं, कारण इंजिनिअरांना जे माहीत होतं ते निर्णय घेणाऱ्यांपर्यंत त्या रूपात पोचण्यासारखंच नव्हतं.

आपल्या स्लाइडची तपासणी अशी करा: मथळा सोडून बाकी सगळी स्लाइड हातानं झाका. नुसत्या मथळ्यावरून काय कळलं? "रिझल्ट्स अँड डिस्कशन" वरून काहीच कळत नाही. "ओळीच्या शेवटी पाणी पाव हिश्श्यानं कमी पडतं" असा मथळा असेल तर पुढचं बोलणं कमी पडलं तरी मुद्दा पोचतो. आणि चोवीस ओळींचा तक्ता तसाच्या तसा लावून "ॲज यू कॅन सी" म्हणू नका. शेवटच्या बाकावरून काही दिसत नाही.

आकडाही हाताला लागेल असा सांगावा. "फोर लिटर पर अवर" वरून चित्र उभं राहत नाही. एक लिटरची बाटली पंधरा मिनिटांत भरते, म्हटलं की लगेच कळतं.

सोळा चिठ्ठ्या

व्हिडिओवरून आपण काय दिलं ते कळतं. समोरच्याला काय मिळालं ते त्यालाच विचारावं लागतं. "कसं झालं?" असं मात्र विचारू नका, मित्र "एक नंबर!" म्हणतील आणि विषय संपेल.

ठिबकची तपासणी कशी करतात ते इथे उपयोगी पडतं. चार लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्या, निवडायच्या, प्रत्येकीवर चार जागा: सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, शेवट. सोळा ड्रिपरखाली ठरावीक वेळ कप ठेवायचे. मग सोळांची सरासरी काढायची आणि त्यातल्या सगळ्यात कमी भरलेल्या चार कपांची वेगळी सरासरी. समजा सगळ्यांची सरासरी तासाला ४ लिटर आणि तळच्या चारांची ३, तर ३ भागिले ४ म्हणजे ७५ टक्के. ९० च्या पुढे असेल तर उत्तम, ७० च्या खाली गेलं की दुरुस्तीला हात घालायचा. एकूण सरासरीवर न जाता तळचा पाव हिस्सा बघतात, कारण बाग वाळते ती तिथून.

सरावाच्या वेळी वर्गात असेच सोळा जण धरा, वेगवेगळ्या बाकांवरचे. संपल्यावर प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही, फक्त बाक कितवा ते लिहायचं. दोनच प्रश्न: या प्रोजेक्टमधून काय कळलं ते एका वाक्यात लिहा, आणि कुठे सुटलं ते लिहा. पहिल्या उत्तराला तुम्हीच चारपैकी मार्क द्या, हात आखडता घेऊन. मग तळच्या चार चिठ्ठ्या बाजूला काढा आणि त्या कुठून आल्या ते बघा. चारही मागच्या बाकांवरच्या असतील तर गडबड आवाजाची किंवा अक्षरांच्या आकाराची. दुसऱ्या ब्रँचच्या मुलांच्या असतील तर तुमच्या शब्दांची. सगळ्या वर्गात विखुरलेल्या असतील तर मांडणीच पुन्हा करावी लागणार.

सोळा जण मिळाले नाहीत तर घरचे चालतात. आजीला सांगून बघा. आजी मधेच उठून गेली तर ती कुठल्या वाक्याला उठली ते लिहून ठेवा.

इंग्रजीचं काय

आपल्याकडच्या मुलांच्या मनात सगळ्यात मोठी धास्ती हीच. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला अकरा मिनिटं इंग्रजीत उभं राहायचं असतं, म्हणून ती नेटवरून घेतलेली वाक्यं पाठ करते. व्हिडिओत ही वाक्यं चटकन ओळखू येतात. डोळे छताकडे जातात, वेग एकसारखा होतो, आकड्यापूर्वी थांबणं नाही, मुद्द्यावर जोर नाही. मग परीक्षक प्रश्न विचारतात, ती बिचकत मराठीत उत्तर देते, आणि तीस सेकंदांत असं स्वच्छ समजावते की ऐकत राहावं. मुलांना मी तो तुकडा दोनदा दाखवते. ही तूच आहेस, म्हणते.

म्हणून आधी सगळा प्रोजेक्ट मराठीत, घरी बोलतो त्या मराठीत, कुणाला तरी सांगा आणि तेही रेकॉर्ड करा. मग दोन्ही रेकॉर्डिंगमधला मुद्द्यांचा क्रम शेजारी शेजारी लिहा. मराठीत सांगताना तुम्ही बहुधा थेट अडचणीपासून सुरुवात केलेली असेल आणि काय सापडलं ते लवकर सांगितलं असेल. तोच क्रम इंग्रजीत घ्या, छोट्या वाक्यांत. उच्चार मराठवाडी असला तरी काही बिघडत नाही. "युनिफॉर्मिटी" हा शब्द घाईत गिळला तर मात्र बिघडतं. असे पाच-सहा अवघड शब्द निवडून ते सावकाश म्हणायची सवय करा.

प्रश्नोत्तरांचा भाग वेगळा तपासा. प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर सुरू केलं का, आणि विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलं का, एवढं पुरे.

यादी मोठी होईल. माझी पहिली यादी सतरा मुद्द्यांची होती आणि सतराही एकदम सुधारायला निघाले तेव्हा मी पुढच्या वेळी आधीपेक्षा वाईट बोलले, कारण सगळं लक्ष स्वतःकडेच. दोन मुद्दे घ्या. आठवड्यानं पुन्हा रेकॉर्ड करा आणि तेवढे दोनच तपासा.

मागच्या वर्षी घनसावंगीकडची एक मुलगी होती. विहिरीच्या जड पाण्यानं ड्रिपर चोक होतात, त्यावर ॲसिड ट्रीटमेंट हा तिचा प्रोजेक्ट. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये निकालाला तिनं ४० सेकंद दिले होते आणि दहापैकी चारच वाक्यांचा शेवट ऐकू येत होता. तिनं हेच दोन मुद्दे घेतले. तिसऱ्या सरावाला लॅबमधले मामा खुर्च्या उचलायला येऊन दारातच थांबले होते. तिचं संपल्यावर त्यांनी तिथूनच विचारलं, "ताई, आमच्या बोअरचं पाणी बी असंच खारं हाय. किती टाकायचं ॲसिड?"

ती त्यांच्याकडे वळली. आधी मोजून एक बादली पाणी घ्या, म्हणाली, त्यात थोडं थोडं ॲसिड टाकत सामू (पीएच) तपासायचा, चारच्या आसपास आला की किती लागलं ते लिहून ठेवायचं, त्यावरून पुढचा हिशेब मी काढून देते. मग जरा थांबली.

"आणि मामा, आधी पाणी. मग त्यात ॲसिड. ॲसिडवर पाणी ओतायचं नाही."

मी शेवटच्या बाकावर होते, पंखे चालू होते. "नाही" स्पष्ट ऐकू आलं.